शिरूर तालुक्याचा गावकारभार

पुणे शहरातून अहिल्यानगरकडे जाणारा हमरस्ता भीमा ओलांडून पुढे गेला, की कोरेगाव, शिक्रापूर, रांजणगाव आणि कारेगाव ही गावे एकामागून एक लागतात, आणि घोड नदीच्या काठी शिरूर येथे तालुका संपतो. दक्षिणेस भीमा आणि उत्तरेस व पूर्वेस घोड अशा दोन नद्यांच्या कवेत हा मुलूख वसला आहे. नद्या दोन असल्या तरी पाऊस मात्र बेताचा. सह्याद्रीवर ढग रिते होऊन आल्यावर जे उरते तेवढेच येथील शेतकऱ्याच्या वाट्यास येते. म्हणून बाजरी, मटकी आणि हुलगा ही येथील जुनी पिके, आणि अवर्षण हा येथील जुना पाहुणा. अशा या शंभराहून अधिक गावांच्या तालुक्यात राज्ये अनेक आली आणि गेली. गावचा कारभार मात्र कधीच थांबला नाही. तो कोणी केला, कोणासाठी केला आणि त्यात कोणाला जागा मिळाली नाही, हा इतिहास लढायांच्या इतिहासाइतका गाजलेला नसला तरी त्याहून कमी महत्त्वाचा नाही.

अमेरिकेतील खेडवळ भागात तालुक्यासारखाच ‘कौंटी’ नावाचा एक घटक असतो. तेथे कौंटीचे मंडळ तर लोक निवडतातच, पण बहुतेक ठिकाणी कायदा राखणारा शेरिफ, दप्तर सांभाळणारा कारकून आणि तिजोरी सांभाळणारा खजिनदार हेही मतदानानेच नेमले जातात. आपल्याकडील तालुक्याची घडण निराळी आहे. मामलेदार हा वरून आला आणि पाटील हा वंशपरंपरेने आला. मतदानाने येणारा माणूस या दोघांच्या मागून, फार उशिरा आला. हा फरक ध्यानी ठेवला म्हणजे शिरूरच्या गावकारभाराची पुढील हकिकत नीट उमगते.

या हकिकतीचे पहिले पान जमिनीच्या पोटात सापडले. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे पुण्याच्या डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात उत्खनन केले. डॉ. हसमुख सांकलिया, डॉ. मधुकर ढवळीकर आणि डॉ. झैनुद्दीन अन्सारी या संशोधकांनी तेथे ताम्रपाषाणयुगातील एक संपूर्ण खेडे उजेडात आणले. इसवी सनापूर्वी सुमारे 1600 पासून 700 पर्यंत हे खेडे नांदत होते. शंभरावर घरे, धान्य साठविण्याच्या कणग्या व पेवे, नदीच्या पुरापासून रक्षणासाठी घातलेला बांध आणि पाणी वळविणारा पाट असे त्याचे स्वरूप दिसून आले. सुखवस्तू शेतकऱ्यांची घरे वस्तीच्या मध्यभागी होती, तर कुंभार, चुना भाजणारे इत्यादी कारागीर पश्चिमेच्या कडेस राहत होते. मध्यभागी पाच खोल्यांचे एक मोठे घर निघाले आणि त्याच्या शेजारीच धान्याचे कोठार निघाले. हे घर गावच्या प्रमुखाचे असावे, आणि गावकऱ्यांनी दिलेले धान्य त्या कोठारात साठत असावे, असा निष्कर्ष संशोधकांनी काढला. बांध घालणे आणि पाट खणणे हे एका कुटुंबाचे काम नव्हे. त्यासाठी कोणी तरी हुकूम करावा लागतो आणि सर्वांनी तो मानावा लागतो. तेव्हा वसूल, साठा आणि सार्वजनिक काम ही गावकारभाराची तिन्ही अंगे या मातीत तीन हजार वर्षांपूर्वीच रुजली होती, असे म्हणण्यास हरकत नाही. पुढे हवामान बिघडले, पाऊस आटला, ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या आणि अखेरीस गाव उठले. कारभार कितीही चांगला असला तरी पावसापुढे त्याचे चालत नाही, हा धडाही इनामगावनेच प्रथम दिला.

मध्ययुगात आणि मराठेशाहीत कोठाराच्या घराची जागा पाटलाच्या वाड्याने घेतली. पाटील हा गावचा मुख्य. सारा गोळा करणे, तंटे ऐकणे, पडीक जमीन लागवडीस आणणे आणि चोराचिलटापासून गाव राखणे ही त्याची कामे. त्याच्या शेजारी कुलकर्णी बसे आणि त्याच्या मांडीवर गावचे दप्तर असे. चौगुला हा पाटलाचा मदतनीस. सुतार, लोहार, चांभार, कुंभार, न्हावी, परीट इत्यादी बलुतेदार सुगीच्या वेळी खळ्यावर आपला वाटा घेत आणि वर्षभर गावची कामे करीत. गावावर परगणा आणि परगण्यावर देशमुख व देशपांडे अशी चढती रचना होती. जमिनीचा किंवा वतनाचा तंटा उत्पन्न झाला, की गोतसभा बसे, साक्षी होत आणि निर्णयाचा महजर लिहिला जाई. त्यावर नांगर, कट्यार, तराजू अशा आपापल्या निशाण्या करून लोक सही देत. 1819 साली पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखाचा अहवाल लिहिताना माउंट स्टुअर्ट एल्फिन्स्टन यांनी येथील प्रत्येक गाव म्हणजे एक छोटेखानी राज्यच आहे, अशा आशयाचे मत नमूद केले, ते ही रचना पाहूनच.

परंतु या छोट्या राज्यातही सर्व प्रजा सारखी नव्हती. महार हा गावच्या शिवेचा साक्षीदार, सरकारी टपाल पोचविणारा, सारा कसब्यास नेणारा आणि येणाऱ्याजाणाऱ्या अंमलदाराची वर्दळ सोसणारा. त्याच्या शब्दावर शिवेचे तंटे तुटत. तरीही त्याची वस्ती गावकुसाबाहेर होती, आणि चावडीवर त्याला बैठक नव्हती. ज्याच्यावाचून कारभार चालत नसे, तोच कारभाराच्या बाहेर उभा होता. पेशवाईच्या अखेरीस दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने देण्याचा प्रघात पाडला, तेव्हा तर मक्तेदाराने पाटलास पिळावे, पाटलाने रयतेस पिळावे आणि सर्वांचे ओझे शेवटी खालच्या पायरीवर यावे, अशी स्थिती झाली.

1802 च्या वसईच्या तहानंतर इंग्रजांची फौज शिरुरास तळ देऊन राहिली, आणि घोडनदीचे हे खेडे लष्करी छावणी बनले. छावणीमागे व्यापारी आले, पेठ वसली, आणि आजचे शिरूर शहर आकारास आले. याच छावणीतून कॅप्टन स्टाँटन यांची तुकडी 31 डिसेंबर 1817 च्या रात्री पुण्याकडे निघाली, आणि 1 जानेवारी 1818 रोजी कोरेगाव येथे भीमेच्या काठी पेशव्यांच्या सैन्याशी तिची गाठ पडली. त्या तुकडीत महार शिपाई बरेच होते. पुढे तेथे उभारलेल्या स्तंभावर त्यांचीही नावे कोरली गेली. गावच्या चावडीवर ज्यांच्या नावाची नोंद कधी मानाने झाली नव्हती, त्यांची नावे दगडावर आली. 1 जानेवारी 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्या स्तंभास मानवंदना देण्यास आले, त्यामागील अर्थ हाच होय. छावणीची आणखी एक आठवण विलक्षण आहे. कर्नल विल्यम वॉलेस हे 1809 मध्ये शिरुरास वारले. आसपासच्या खेडुतांनी त्यांना ‘सत्पुरुष’ मानले, आणि सुगीचे पहिले धान्य त्यांच्या थडग्यावर नैवेद्य म्हणून वाहण्याची चाल पुढे कित्येक वर्षे टिकली. परका अंमलदार जर न्यायाने वागला, तर त्यालाही हा भोळा समाज देवपण देतो, एवढे यावरून कळते.

इंग्रजी अंमल स्थिरावल्यावर गावाचा कणा बदलला. पूर्वी सारा बहुतांशी गावावर बसे आणि गाव तो आपसात वाटून घेई. आता रयतवारी पद्धतीने प्रत्येक शेतास नंबर पडला, प्रत्येक खातेदाराचा सरकारशी निराळा हिशेब सुरू झाला. पाटील आणि कुलकर्णी राहिले, पण सरकारचे हस्तक म्हणून. गोतसभेची जागा दिवाणी कोर्टाने घेतली. ज्या शेतकऱ्याने आयुष्यात कागद वाचला नव्हता, त्याचे भवितव्य आता कागदावर ठरू लागले.

त्यातच एक दूरदेशीची घटना या तालुक्याच्या दारी येऊन ठेपली. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेत उत्तर आणि दक्षिण यांच्यात यादवी युद्ध झाले, अमेरिकन कापूस विलायतेस मिळेनासा झाला, आणि मुंबई इलाख्यातील कापसाचे भाव आकाशास भिडले. धान्यही महागले, बोरघाटातून 1863 साली रेल्वे सुरू झाली होती, तिच्या कामांवर मजुरीही चांगली मिळे. शेतकऱ्याच्या हाती पैसा खुळखुळू लागला आणि सावकारही मोकळ्या हाताने कर्ज देऊ लागला. युद्ध संपले, भाव कोसळले. पण नेमक्या याच सुमारास, 1867 पासून, पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील तालुक्यांत जमिनीची फेरपाहणी होऊन साऱ्याचे आकार वाढविण्यात आले. सारा देण्यासाठी कर्ज आणि कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज, या रहाटगाडग्यात कुणबी सापडला. पुण्याच्या सार्वजनिक सभेने 1873 साली या स्थितीची चौकशी करून सरकारचे लक्ष वेधले होते, परंतु त्याचा तात्काळ उपयोग झाला नाही.

ठिणगी पडली ती शिरूर तालुक्यातील करडे या गावी. डिसेंबर 1874 मध्ये काळूराम नावाच्या सावकाराने बाबासाहेब देशमुख यांच्याविरुद्ध कोर्टाचा हुकूमनामा मिळवून त्यांचे घर ताब्यात घेतले आणि ते पाडण्यास सुरुवात केली. देशमुख म्हणजे जुन्या वतनदार घराण्यातील मनुष्य; त्याच्या घराची ही दशा, तर इतरांचे काय, हा विचार प्रत्येकाच्या मनात आला. गावाने एकमताने सावकारांवर बहिष्कार घातला. त्यांच्या शेतावर कोणी जाईना, न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना. सावकारांस गावात राहणे अशक्य झाले. जी बलुतेदारी इंग्रजी कायद्याने निर्जीव ठरविली होती, तीच आता गावाचे एकमेव शस्त्र बनली. कोर्टाचा शिपाई घर पाडू शकत होता, पण न्हाव्याच्या हातात वस्तरा देऊ शकत नव्हता. बहिष्काराची ही वार्ता आसपासच्या गावी गेली आणि एका गावाने दुसऱ्याचा कित्ता गिरविला.

पुढे 12 मे 1875 रोजी सुपे येथील बाजाराच्या दिवशी लोकक्षोभ उफाळला. सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. आज ते बारामती तालुक्यात मोडते. तेथून शिरूर, इंदापूर, पुरंदर, हवेली या तालुक्यांत आणि नगर जिल्ह्यात पारनेर, श्रीगोंदे या भागांत दंगे पसरले. या दंग्यांत ध्यानात घेण्याजोगी गोष्ट अशी, की जमावाचा रोख माणसांवर फारसा नव्हता. तो कर्जरोख्यांवर होता. रोखे मागितले जात, ते मिळाले म्हणजे चौकात जाळले जात, आणि पुष्कळ ठिकाणी तेवढ्याने जमाव पांगे. ज्या सावकाराने रोखे निमूटपणे दिले, त्याला बहुधा धक्काही लागला नाही. काही गावी जाळपोळ आणि लूट झाली, हे नाकारता येत नाही, आणि सावकार बहुतेक मारवाडी व गुजर असल्यामुळे त्या समाजांतील गरीब, निरुपद्रवी माणसांनाही त्या दिवसांत भयाखाली राहावे लागले, हेही सांगितले पाहिजे. पुणे आणि नगर या दोन जिल्ह्यांत मिळून 951 माणसे पकडली गेली आणि 501 जणांस शिक्षा झाली.

सरकारने चौकशीसाठी आयोग नेमला, आणि त्याचे फलित म्हणून 1879 साली दख्खनच्या शेतकऱ्यांचा साहाय्यक कायदा झाला. कर्जाच्या खटल्यात केवळ रोखा न पाहता व्यवहाराच्या मुळाशी जावे, कर्जासाठी शेतकऱ्यास कैद करू नये, दस्तऐवज ग्रामरजिस्ट्रारसमोर व्हावेत, लहान दावे गावमुन्सफाने ऐकावेत आणि कोर्टात जाण्यापूर्वी सलोखा करून देणाऱ्यापुढे उभय पक्षांनी जावे, अशा तरतुदी त्यात होत्या. बारकाईने पाहता गोतसभा जे काम करीत असे, तेच कायद्याने पुन्हा गावाजवळ आणण्याचा हा प्रयत्न होता. करडे गावच्या न्हाव्याने जे सांगितले, ते सिमल्याच्या कायदेमंडळास चार वर्षांनी ऐकू गेले.

याच काळात स्थानिक स्वराज्याचे बीज पडत होते. 1869 च्या कायद्याने साऱ्याच्या प्रत्येक रुपयामागे एक आणा लोकल फंड म्हणून घेण्यात येऊ लागला, आणि त्यातून रस्ते, शाळा, विहिरी, धर्मशाळा ही कामे होऊ लागली. आणा रयतेचा, पण खर्च ठरविणार अंमलदार, अशी ती व्यवस्था होती. लॉर्ड रिपन यांच्या 1882 च्या ठरावानंतर मुंबई इलाख्यात 1884 साली जिल्हा आणि तालुका लोकल बोर्डे स्थापन झाली. शिरूर तालुक्यातील खेडुतास प्रथमच आपला प्रतिनिधी पाठविण्याची वाट मोकळी झाली. तथापि निम्मेशिम्मे सभासद सरकारनियुक्त, जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष कलेक्टर आणि तालुका बोर्डाचे अध्यक्ष प्रांतसाहेब. मताचा अधिकारही सारा भरणाऱ्या मोजक्या लोकांपुरताच होता. 1923 च्या कायद्याने बोर्डांना लोकनियुक्त अध्यक्ष मिळाले. 1938 साली तालुका बोर्डे रद्द होऊन सर्व भार जिल्हा बोर्डावर गेला. गावासाठी ग्रामपंचायतीचा पहिला कायदा 1920 साली आणि दुसरा 1933 साली झाला. पंचायत आली, परंतु उत्पन्न नाही. पंच आले, परंतु पाटील आणि कुलकर्णी आपापल्या वतनावर कायम. दिवाबत्ती आणि झाडलोट यांपलीकडे या पंचायतींची मजल क्वचितच गेली.

वतनाची बेडी तुटल्यावाचून पंचायतीस बळ येणार नव्हते. डॉ. आंबेडकरांनी 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात वतनाच्या कायद्यात सुधारणा करणारे विधेयक मांडले. महार वतनदारावर चोवीस तास राबणुकीचे ओझे आणि मोबदल्यास अल्पशी जमीन व बलुते, या अन्यायावर त्यांचा रोख होता. त्या वेळी यश आले नाही. स्वातंत्र्यानंतर मात्र या वाड्याचे चिरे एकामागून एक निखळले. 1950 च्या कायद्याने परगणे आणि कुलकर्णी वतने गेली आणि कुलकर्ण्याच्या जागी पगारी तलाठी आला. 1958 च्या कायद्याने महार वतनासह कनिष्ठ ग्रामवतने गेली. 1962 च्या कायद्याने मुलकी पाटलाचे पद गेले. पोलीस पाटील राहिला, पण त्याची नेमणूक वंशाने होत नाही. शतकानुशतके एका घराच्या खुंटीवर टांगलेले दप्तर अखेर सरकारी कचेरीत आले, आणि कोणत्याही खातेदारास आपला सातबारा मागण्याचा हक्क प्राप्त झाला.

मोकळ्या झालेल्या या जागेवर नवी इमारत उभी राहिली. 1958 चा ग्रामपंचायत कायदा आणि 1961 चा जिल्हा परिषद व पंचायत समिती कायदा हे तिचे दोन खांब. 1 मे 1962 पासून महाराष्ट्रात त्रिस्तरीय पंचायत राज्य सुरू झाले. गावात ग्रामपंचायत, शिरुरास पंचायत समिती आणि पुण्यास जिल्हा परिषद. शाळा, दवाखाना, रस्ते, शेतीची सुधारणा ही कामे लोकनियुक्त सभासदांच्या हाती आली. 1993 मध्ये अमलात आलेल्या त्र्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने अनुसूचित जाती, जमाती आणि स्त्रिया यांच्यासाठी राखीव जागा ठेवल्या, आणि 2011 मध्ये महाराष्ट्राने स्त्रियांचा वाटा निम्म्यावर नेला. ज्या चावडीच्या पायरीवर स्त्रीने पदर सावरून लांबूनच जावे असा शिरस्ता होता, तेथे सरपंच म्हणून तिची सही चालू लागली. काही ठिकाणी सही तिची आणि कारभार घरच्या पुरुषाचा, असे घडते हे खरे. पण हक्क आधी येतो आणि सवय मागून येते, हा सर्वच सुधारणांचा क्रम आहे.

आता कारेगावकडे वळले पाहिजे, कारण या दीर्घ इतिहासाचा ताजा प्रश्न तेथे उभा आहे. रांजणगावच्या महागणपतीच्या शेजारचे हे जिरायती गाव. विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात रांजणगाव, कारेगाव आणि ढोकसांगवी यांच्या शिवारात औद्योगिक वसाहत वसली. मोटारींचे आणि घरगुती यंत्रांचे मोठमोठे कारखाने आले. बाजरीच्या शेतांत चाळी आणि इमारती उभ्या राहिल्या, आणि मराठवाडा, विदर्भ, उत्तर प्रदेश, बिहार येथून आलेले हजारो कामगार तेथे खोल्या घेऊन राहू लागले. शेती सांभाळणाऱ्या गावासाठी घडविलेल्या पंचायतीवर आता शहराएवढा बोजा पडला आहे. पाणी, सांडपाणी, कचरा, रस्ते ही सारी कामे तिने पाहावयाची. आणि ज्यांच्यासाठी पाहावयाची, त्यांपैकी पुष्कळांचे मत त्यांच्या मूळ गावीच नोंदलेले. ते भाडे येथे देतात, घाम येथे गाळतात, मुले येथील शाळेत घालतात. परंतु ग्रामसभेत त्यांचा आवाज नाही.

येथे आरंभीची गोष्ट पुन्हा नजरेपुढे येते. इनामगावात कारागिरांची घरे वस्तीच्या कडेस होती. मराठेशाहीत महारवाडा गावकुसाबाहेर होता. इंग्रजी अमदानीत निरक्षर कर्जदार कोर्टाच्या दाराबाहेर होता, आणि लोकल बोर्डाच्या मतदारयादीबाहेर तर बहुतेक गावच होते. प्रत्येक युगाने गावकारभाराचे वर्तुळ थोडे मोठे केले, आणि प्रत्येक युगात त्या वर्तुळाबाहेर कोणी तरी उभे राहिलेच. जे बाहेर राहिले, त्यांनी कधी बहिष्काराने, कधी कर्जरोख्यांच्या होळीने, कधी कायदेमंडळातील विधेयकाने आत येण्याचा मार्ग शोधला. ज्या कारभाऱ्यांनी ही हाक वेळीच ऐकली नाही, त्यांना ती पुढे मोठ्या आवाजात ऐकावी लागली.

आज घोड नदीवर चिंचणीजवळ धरण आहे, कालव्याच्या पाण्याने उसाचे मळे डोलतात, आणि हमरस्त्यावर रात्रंदिवस वाहतूक चालू असते. तालुक्याच्या संपत्तीत भर पडली यात शंका नाही. परंतु गावाची खरी मोजणी कोठारातील धान्यावरून किंवा कारखान्यांच्या धुराड्यांवरून होत नाही. ग्रामसभेच्या बैठकीत किती जण बसू शकतात, यावरून ती होते. कारेगावच्या चाळीत राहणाऱ्या कामगारास त्या बैठकीत जागा कशी द्यावयाची, हे ठरविण्याचे काम आता शिरूर तालुक्यातील पंचांपुढे आहे. महजरावर नांगराची निशाणी करणाऱ्या कुणब्याची आणि तराजूची निशाणी करणाऱ्या वाण्याची साक्ष त्यांच्या पूर्वजांनी मानली होती. यंत्रावर राबणाऱ्या हाताची निशाणी त्या कागदावर अजून उमटावयाची आहे.